पोथीतले मेघंकर, पायाखालचे मेहकर

मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष सुरू झाला, की वऱ्हाडातील अनेक घरांत गीतेची पोथी चौरंगावर येते. मोक्षदा एकादशी ही गीताजयंती. तिच्या निमित्ताने रोज एक अध्याय आणि त्या अध्यायाचे माहात्म्य असा पाठ पुष्कळ कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ही माहात्म्ये पद्मपुराणाच्या उत्तरखंडातील आहेत. अठरा अध्यायांची अठरा माहात्म्ये, आणि प्रत्येकात एक कथा. घरातील वडील माणूस वाचतो, मुले ऐकतात, आरती होते, खिरापत वाटली जाते. त्या कथेतील गाव कोणते, नदी कोणती, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. पुराणातील गाव पुराणातच असावयाचे, अशी आपली समजूत असते.

आमचीही तीच समजूत होती, हे प्रथम कबूल केले पाहिजे. देऊळगाव राजाच्या बालाजीच्या छायेत आमचे आयुष्य गेले. कीर्तनसेवा हा आमचा कुलधर्म आणि संस्कृताचे अध्यापन हा व्यवसाय. गीतेच्या अकराव्या अध्यायाचे माहात्म्य आम्ही तीस वर्षे उत्तररंगात लावीत आलो. त्यातील सुनंद ब्राह्मण ज्या मेघंकर नगरात राहत होता, ते नगर आम्ही दर वेळी ‘दक्षिण देशी, गोदातीराच्या आसपास कोठेसे’ असे सांगून पुढे जात असू. कथा रंगत असे, श्रोते डोळे पुशीत असत, आणि आमच्या विद्वत्तेवर आमचा आम्हांलाच संतोष होई.

काही वर्षांपूर्वी गीताजयंतीच्या सुमारास मेहकरास कीर्तनाचा योग आला. त्या रात्रीही आम्ही हेच आख्यान लावले. आरतीनंतर लोक पाया पडून जात होते, तेव्हा खांबाला टेकून बसलेली एक वृद्धा उठून जवळ आली. नऊवारी लुगडे, कपाळावर बुक्का, आणि हाताशी शाळकरी नातू. ती म्हणाली, “काहो महाराज, मेघंकर कुठंसं दक्षिणेत हाये म्हनता तुम्ही. मंग आमी राह्यतो ते कोणतं गाव?”

आम्ही हसून म्हणालो, “आजी, हे तर मेहकर.”

“तेच तं,” म्हातारी म्हणाली. “मेघंकर म्हंजेच मेहकर. आमच्या देवाचं नाव शारंगधर. तुमच्या पोथीतल्या देवाच्या हातात काय हाये, पाहा बरं एकदा.”

त्या रात्री मुक्कामाच्या खोलीत कंदिलाशेजारी पोथी उघडली. माहात्म्याच्या आरंभीच लिहिले आहे, की प्रणीता नदीच्या तीरी मेघंकर नावाचे विख्यात नगर असून तेथील जगदीश्वर हातात शार्ङ्ग धनुष्य धारण करतो. शार्ङ्ग धारण करणारा तो शार्ङ्गधर. तीस वर्षे आम्ही ते शब्द उच्चारले होते, पण वाचले मात्र त्या रात्रीच. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीच्या नातवाला सोबत घेतले, पोथी खांद्याच्या पिशवीत ठेवली आणि मेहकरच्या गल्ल्यांतून पायी निघालो. त्या फेरीत जे हाती लागले, ते गीताजयंतीच्या निमित्ताने भाविक वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नावाची कुळकथा

गावात प्रथम ऐकू येते ती राक्षसाची कथा. मेघंकर नावाचा असुर येथे माजला होता, विष्णूने शार्ङ्गधराच्या रूपाने त्याचा वध केला, आणि असुराचे नाव गावाला राहिले, असे म्हातारी माणसे सांगतात. जुन्या गॅझेटियरानेही हीच दंतकथा टिपून ठेवली आहे. असुर मारला जावा आणि त्याचे नाव मात्र गावाला मिळावे, ही आपल्या पुराणांची उदार रीत आहे. शेजारचे लोणार घ्या. तेथेही लवणासुराचे नाव गावाला लाभले आणि देवाच्या वाट्याला ‘दैत्यसूदन’ ही उपाधी आली.

परंतु व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर मेघंकर या शब्दात राक्षस असण्याचे कारण नाही. पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात एक छोटा नियम सांगितला आहे. मेघ, ऋति आणि भय हे तीन शब्द पूर्वी असता ‘कृ’ धातूला विशिष्ट प्रत्यय लागतो आणि मध्ये अनुस्वार येतो. त्या नियमाने मेघंकर, ऋतिंकर आणि भयंकर हे शब्द सिद्ध होतात. भयंकर हा शब्द आपल्या तोंडी दिवसातून दहा वेळा येतो. त्याचा सख्खा भाऊ मेघंकर मात्र विस्मरणात गेला, आणि या एका गावाच्या नावात तेवढा उरला. भयंकर म्हणजे भय निर्माण करणारा. मेघंकर म्हणजे मेघ निर्माण करणारा. ज्या मुलखातील शेतकरी मृगापासून आभाळाकडे डोळे लावून बसतो, त्या मुलखातील गावाला हे नाव किती शोभते, ते वेगळे सांगावयास नको.

मेघंकराचे मेहकर कसे झाले, हेही कोडे नाही. संस्कृत ‘घ’ प्राकृतात ‘ह’ होतो. मेघ या शब्दाचे प्राकृत रूप मेह. जुन्या मराठीत ढगाला मेहुडा म्हणत, तो यातूनच आला. तेव्हा एस. टी. च्या पाटीवर आपण वाचतो ते मेहकर हे नाव अपभ्रष्ट झालेले नाही. जिभेवर शतकानुशतके फिरून ते गुळगुळीत झाले आहे इतकेच.

राहिली नदी. पोथी म्हणते प्रणीता, आणि मेहकरापाशी वाहते ती पैनगंगा. याच कारणाने आम्ही इतकी वर्षे चुकलो होतो. पण पाण्याचा मार्ग पाहावा. पैनगंगा याच बुलढाणा जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत, मढजवळ बुधनेश्वरापाशी उगम पावते. मेहकरावरून पुढे जाऊन ती वर्धा नदीला मिळते. वर्धा वैनगंगेला मिळून दोघींची प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीत विसर्जन पावते. पुढे प्राणहितेला जे नाव आहे तेच, किंचित वेगळ्या उच्चाराने, पोथीने या प्रवाहाला येथेच दिले आहे. माहात्म्यातील सुनंद पुढे गोदावरीच्या तीर्थांची यात्रा करतो, तेही मग सुसंगत वाटू लागते. आपल्या गावच्या नदीचे पाणी जेथे जाते, तेथे माणसाचे मन जावे, यात नवल काय?

ग्रंथ सांगतो, भूमी दाखवते

पद्मपुराणाची साक्ष एकटी नाही. मत्स्यपुराणाच्या बाविसाव्या अध्यायात श्राद्धास प्रशस्त अशा तीर्थांची मोठी यादी आहे. तीत गयेपासून अनेक तीर्थे गणताना मेघंकराचे नाव येते आणि येथे प्रत्यक्ष जनार्दन, शार्ङ्गधर विष्णू, मेखलेवर उभा आहे असे म्हटले आहे. मेखला म्हणजे कमरपट्टा. पण संस्कृतात डोंगराच्या उताराला, त्याच्या कटिभागालाही मेखला म्हणतात. पोथीत मेखला हे मेघंकरातीलच एक तीर्थ आहे. गल्ल्यांतून चढउतार करताना आमच्या गुडघ्यांनी या शब्दाचा अर्थ आम्हांला कोशाहून अधिक चांगला सांगितला.

आता मौज पाहा. पुराणे सांगत होती, की येथे शार्ङ्गधर उभा आहे. पण मेहकरात शार्ङ्गधर दिसत मात्र नव्हता. पिढ्या गेल्या, राज्ये गेली. पोथीत देव होता आणि गावात देव नव्हता. त्या काळी एखाद्या चिकित्सकाने पोथी खोटी ठरविली असती, तर त्याला उत्तर देणे कठीण गेले असते.

आणि ७ डिसेंबर १८८८ रोजी जमीन खणताना मूर्ती लागली. काळ्या पाषाणाची, सुमारे अकरा फूट उंचीची, उभी विष्णुमूर्ती. पंचांग मांडून पाहिले तेव्हा आमच्या अंगावर रोमांच आले. तो मार्गशीर्षाचा शुद्ध पक्षच होता. म्हणजे गीताजयंतीला अवघे काही दिवस उरले असताना, गीतामाहात्म्यातील देव आपल्या गावात पुन्हा उभा राहिला. यास योगायोग म्हणावे, की आणखी काही, ते ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावे.

त्यानंतरची हकीकत गावात ज्या तन्मयतेने सांगितली जाते, ती तशीच येथे देतो. मूर्ती लाकडी पेटीत जपून पुरलेली होती, बरोबर ताम्रपट आणि अलंकार होते, असे वृद्ध मंडळी सांगतात. तत्कालीन इंग्रज अंमलदाराच्या मनात मूर्ती विलायतेस पाठवावयाची होती. सरकारी हुकूम निघण्यापूर्वी काहीतरी केले पाहिजे, हे गावाने ओळखले. मग लोकांनी एकजुटीने, वेळ न दवडता, मूर्तीची प्रतिष्ठापना उरकून घेतली. एकदा प्राणप्रतिष्ठा झाली की तो पाषाण राहत नाही, देव होतो. आणि पूजेतील देव हलविण्यास परका अंमलदारही कचरतो, हा त्यामागील हिशेब. मूर्ती राहिली. ताम्रपट आणि अलंकार मात्र गेले ते गेलेच, असे सांगताना सांगणाऱ्याचा आवाज आजही खाली येतो.

वऱ्हाडात असे देव भूमीतून वर आल्याच्या कथा आणखीही आहेत. शेजारच्या वाशीमचे बालाजी मंदिर भवानी काळू यांनी १७७९ मध्ये पूर्ण केले. तेथील मूर्तीही पूर्वी जमिनीत पुरलेली होती, असेच परंपरा सांगते. वाशीम काय आणि मेहकर काय, दोन्हीकडे विष्णूला लोक बालाजी म्हणतात. मेहकरात मात्र जुने नावही पुसले गेले नाही. त्या सकाळी पेठेतून जाताना नातवाने आम्हांला दुकानांच्या पाट्या वाचून दाखविल्या, त्यांत मालकाच्या नावात ‘शारंगधर’ आढळला. या भागात मुलाचे नाव शारंगधर ठेवण्याची चाल आजही आहे. मूर्ती जमिनीखाली असली तरी नाव लोकांच्या तोंडी जिवंत राहते. आणि नाव जिवंत राहिले की देवाला परतून येण्याची वाट मोकळी राहते.

आम्ही शारंगधरापुढे उभे राहिलो तेव्हा नातू मान वर करून पाहत होता. एवढी उंच मूर्ती पाहताना मोठ्या माणसालाही लहान मुलाप्रमाणे मान वर करावी लागते. अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून अर्जुन भयभीत होतो आणि त्या सहस्रबाहूला आपल्या ओळखीच्या चतुर्भुज रूपात ये, अशी विनवणी करतो. माहात्म्यकाराने सुनंदाला हा अध्याय याच देवापुढे बसून म्हणावयास का लावले असेल, याचा उलगडा आम्हांला ग्रंथापेक्षा त्या गाभाऱ्यात अधिक झाला.

पोथीत या नगरातील आणखी दोन दैवतांचा निर्देश आहे. एक नृसिंह आणि दुसरा गणेश. नृसिंहाचे मंदिर मेहकरात आजही नांदते आहे आणि त्याचे भक्त दूरदूरहून येतात. गणेश तर गल्लोगल्ली भेटतो. म्हणून पोथीतला तो नेमका हाच, असे बोट ठेवण्याचा मोह आम्ही आवरला. एक चूक तीस वर्षे सांगून झाल्यावर दुसरी सुरू करण्याची हौस उरत नाही.

मोमिनांची वेस

देवळांतून बाहेर पडलो तरी मेहकर संपत नाही. गावात हेमाडपंती बांधणीची एक जुनी वास्तू आहे, तिला धर्मशाळा म्हणतात. जड दगडी खांब, त्यांवर तोललेल्या तुळया, आणि मध्ये मोकळा चौक. मुसाफिराला सावली मिळावी, एवढाच हेतू धरून कोणी इतका दगड घडवील, यावर आजच्या माणसाचा विश्वास बसणे कठीण. आपल्या सुनंदाच्या कथेत याच गोष्टीला, परगावच्या वाटसरूला निवारा देण्याला, फार मोठे स्थान आहे. त्याकडे पुढे येऊ.

तेथून नातू आम्हांला मोमिनपुऱ्याकडे घेऊन गेला. मोमिन म्हणजे विणकर मुसलमान. जुन्या गॅझेटियरात अशी नोंद आहे, की सुमारे पाचशे वर्षांपूर्वी हे विणकर इतके संपन्न होते, की गावाभोवतीच्या कोटाचा खर्च त्यांनी उचलला, आणि वेशीवर त्याचा लेख कोरला. मेहकरची धोतरे तेव्हा नावाजलेली होती. पुढे मुघल अमदानीत मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे झाले. अबुल फजलाच्या ऐन-इ-अकबरीत त्याची नोंद आहे. नंतर पेंढाऱ्यांच्या धाडी आल्या, १८०३ चा दुष्काळ आला, आणि गाव उजाड होण्याच्या बेतास आले. मागांची खटखट थांबली, कोट ढासळला.

त्या वेशीपाशी उभे असताना मनात एक विचार आला. त्या काळी या गावात जी पूजाअर्चा चालत असेल, तिच्यातील भटजींच्या अंगावरचे शुभ्र धोतर याच मागावर विणले गेले असणार. सोवळे नेसणारा एक, विणणारा दुसरा. आणि ज्या कोटाच्या आत दोघेही निर्धास्त झोपत, तो बांधणारा विणणाराच. गावाचा इतिहास पायी फिरून वाचला, की तो असा एकमेकांत विणलेला दिसतो. त्यातला एक धागा उपसून काढला तर सगळे वस्त्र उसवते.

कंचनीचा दिवा

मेहकरचा माणूस पाहुण्याला शेवटी जेथे नेतो, तो कंचनीचा महाल. पडक्या भिंती, रिकाम्या कमानी आणि वारा. कंचनी ही नर्तिका. तिने असा उंच महाल बांधावयाचे ठरविले, की त्याच्या माथ्यावरून लोणारच्या कमळजा देवीचा दिवा दिसावा. लोणार तेथून सुमारे आठ कोस. देवीला हे मानवले नाही आणि कंचनीची शिळा झाली, अशी लोककथा आहे. मेहकरात आयुष्य घालविलेले कविवर्य ना. घ. देशपांडे यांनाही या महालाने मोहिनी घातली होती. त्यांच्या एका संग्रहाचे नावच ‘कंचनीचा महाल’ आहे.

आम्हांला मात्र या कथेतील दिव्याची दिशा महत्त्वाची वाटली. मेहकराची दृष्टी लोणारकडे लागलेली आहे. उल्कापाताने काळ्या कातळात पडलेले ते विवर, त्यातील खारे पाणी, काठावरचे कमळजेचे देऊळ आणि वरच्या गोमुखाची धार हे सर्व वाचकांना परिचित आहे. अबुल फजलाने लिहिले आहे, की लोणारला ब्राह्मण विष्णुगया म्हणतात. पितरांना सद्‌गती देणाऱ्या गया तीन. एक बिहारातील, एक विजापूरनजीकची आणि तिसरी ही. सोमवारी अमावास्या आली म्हणजे वरच्या झऱ्याचे पाणी खालच्या सरोवरास मिळते, हेही त्याने नोंदविले आहे. तेथील पाण्यातून काच आणि साबण यांस उपयोगी द्रव्ये मिळतात, ही व्यवहाराची बाबही त्याच्या नजरेतून सुटलेली नाही.

आता मत्स्यपुराणातील ती यादी पुन्हा आठवावी. मेघंकराचे नाव तेथे कशासाठी आले? श्राद्धास प्रशस्त तीर्थ म्हणून. संस्कृत पुराण आणि बादशाही दप्तर यांनी एकमेकांस विचारून लिहिलेले नाही. तरी दोघांनीही पैनगंगेच्या या टापूकडे बोट दाखवून एकच सांगितले, की येथे पितरांसाठी तिलांजली देण्यास लोक येतात आणि येथील देव विष्णू आहे. दोन अपरिचित साक्षीदार एकच जबानी देतात, तेव्हा न्यायाधीशाला निवाडा सोपा जातो.

पाहत राहण्याचे पाप

अठरा माहात्म्यांपैकी सहाव्या अध्यायाची कथा प्रतिष्ठानची, म्हणजे पैठणची आहे. बाराव्याची कोल्हापूरची. आणि अकराव्याची मेघंकराची. म्हणजे महाराष्ट्रातील ही नगरे या पोथीत नावानिशी आहेत. पैठण आणि कोल्हापूरचे लोक हे अभिमानाने जाणतात. मेहकरची ती वृद्धाही जाणत होती. आमच्यासारखे शास्त्री तेवढे अजाण होते. म्हणून आता ती कथा थोडक्यात, यथास्थान सांगतो.

मेघंकरातील सुनंद अकराव्या अध्यायाचे चिंतन करीत यात्रेस निघाला. सोबत्यांसह तो विवाहमंडप नावाच्या गावी पोहोचला. गावच्या प्रमुखाने त्यांस एका धर्मशाळेत उतरविले. सकाळी पाहतो तो सोबती नाहीत. प्रमुखाने खरे काय ते सांगितले. या गावी एक राक्षस येतो, त्याच्याशी गावाने करार केला आहे, की परगावचे वाटसरू त्या जागी उतरवावे, त्याने त्यांना खावे आणि गावकऱ्यांस सोडावे. सुनंदाचे सोबती त्याला बळी पडले होते. अकराव्या अध्यायाच्या पाठाने सुनंद तेवढा वाचला. पण अशाच एका रात्री प्रमुखाचा मुलगाही त्याच जागी राक्षसाच्या तोंडी गेला होता. दुसऱ्याच्या पोरासाठी खणलेल्या खड्ड्यात स्वतःचे पोर पडले होते.

हा राक्षस पूर्वजन्मी कोण होता? तो एक शेतकरी होता. शेताची राखण करीत असताना त्याने पाहिले, की एका वाटसरूला गिधाड टोचून खात आहे. तो सोडवू शकला असता. त्याने सोडविले नाही. तो पाहत राहिला. त्याने चोरी केली नव्हती, हत्या केली नव्हती. सामर्थ्य असता समोरचा नाश पाहत राहिला, एवढ्याच अपराधासाठी एका तपस्व्याने त्याला राक्षसयोनीचा शाप दिला. पुढे सुनंदाने अकरावा अध्याय म्हणून अभिमंत्रित केलेले जल त्याच्या मस्तकावर शिंपडले. राक्षस चतुर्भुज झाला, त्याने खाल्लेले सर्वही चतुर्भुज झाले. प्रमुखाने आपल्या मुलास ओळखून हाक मारली, तेव्हा मुलाने उत्तर दिले, की बाप आणि मुलगा ही नाती कितीदा उलटसुलट झाली असतील. आता त्यांत गुंतू नका, या ब्राह्मणापासून अकरावा अध्याय शिका.

ही कथा आम्ही शेकडो वेळा सांगितली. पण मेहकरच्या गल्लीत एका घराच्या पायरीला लावलेला कोरीव दगड पाहिला, तेव्हा ती आमच्यावरच उलटली. त्या दगडावर कमळाची पाकळी होती. कोणत्या देवळाची ती, कोण जाणे. वर्षानुवर्षे पावले पडून ती झिजत आली होती. घरच्यांचा त्यात दोष नाही. गावोगावी असे दगड पायऱ्यांना, विहिरींच्या काठांना, गोठ्यांच्या भिंतींना लागलेले आहेत. आम्ही आयुष्यभर गावोगाव कीर्तनास हिंडलो. असे किती दगड, किती झिजत चाललेले लेख, किती वृद्धांच्या मुखातील हकिकती आमच्या डोळ्यांसमोर होत्या! आम्ही विचारू शकलो असतो, टिपून ठेवू शकलो असतो. आम्ही शालजोडी सावरून पुढच्या गावची गाडी धरली. पोथीच्या न्यायाने पाहता तो शेतकरी आणि आम्ही यांत अंतर ते किती?

१८८८ साली मेहकरचे लोक पाहत राहिले नाहीत, म्हणून शारंगधर आज मेहकरात आहे. ज्या निनावी हातांनी ती मूर्ती जपून पुरली, तेही पाहत राहिले नाहीत. ज्या ठिकाणी पाहत राहणे घडले, तेथील ताम्रपट हातचे गेले.

दुपारी परतताना आम्ही म्हातारीच्या दारी थांबलो. ती तुळशीवृंदावनापाशी वाती वळीत बसली होती. आम्ही म्हणालो, “आजी, आज रात्री पुन्हा तेच आख्यान लावतो. गावाचे नाव नीट सांगतो.” ती म्हणाली, “सांगा. अन्‌ ह्या पोरालाबी शिकवा ते. म्यां गेल्यावर तुमच्यावानी कोनी आलं, तं त्याले सांगाले कोनी पाह्यजे का नाही?” नातवाने त्या दिवशी अकराव्या अध्यायाचे पहिले पाच श्लोक पाठ केले. उच्चार कच्चे होते. पण मेघंकर हा शब्द त्याने स्वच्छ म्हटला.

वाचकहो, येत्या मोक्षदा एकादशीला घरात गीतेचा पाठ होईलच. अकराव्या अध्यायाचे माहात्म्य वाचताना मुलांना मेहकर कोठे आहे, ते नकाशावर दाखवावे. पैनगंगेवरून बोट फिरवीत प्राणहितेपर्यंत, गोदावरीपर्यंत न्यावे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा हात धरून आपल्याच गावात एक फेरी मारावी. जुनी वेस, बारव, पायरीचा दगड, गल्लीचे नाव, यांपैकी एकाविषयी घरातील वृद्धास विचारावे आणि ते वहीत उतरून ठेवावे. आपल्या गावाचे नाव कोणत्या पोथीत असेल, सांगता येत नाही. सुनंदाच्या देवाचा पत्ता पोथीने शतकानुशतके सांभाळला. आता आपल्या पाळीत तो पुसला जाऊ नये, एवढीच शारंगधराच्या चरणी प्रार्थना.